घरगुती माणसाचा कायमचा पत्ता

पत्ता विचारणाऱ्या माणसाला मी फार घाबरतो. नाव विचारा, खुशाल विचारा. माझं नाव हिंदुराव गायकवाड. ऐकल्याबरोबर समोरचा खुर्ची पुढे करतो, कारण आमच्या सातारा-सांगलीकडे गायकवाड हे आडनाव मराठ्यांतही आहे आणि आमच्यातही आहे, आणि हिंदुराव म्हटल्यावर तर शंका घ्यायला जागाच उरत नाही. वडिलांनी हे नाव ठेवलं तेव्हा आम्ही हिंदू आहोत अशी निदान आमची समजूत होती. मी पंधरा वर्षांचा असताना, छप्पन्न साली, आम्ही बौद्ध झालो. धर्म बदलला, नाव तेवढं राहिलं. शाळेच्या दाखल्यावर होतं ना.

तर खुर्ची मिळते. मग प्रश्न येतो, "कुठले गायकवाड?" मी म्हणतो, उंब्रजकडचे. "उंब्रजकडं कुठं?" मी गाव सांगतो. "गावात कुठं?" या तिसऱ्या प्रश्नाला मी आजवर नाना उत्तरं देऊन पाहिली आहेत. शाळेच्या मागे म्हणालो, पाण्याच्या टाकीजवळ म्हणालो, एकदा नुसतं 'गावातच' म्हणून दात काढले. उपयोग होत नाही. खुर्ची कुणी काढून घेत नाही, जमाना सुधारला आहे. फक्त चहा येतो तेव्हा इतरांना कपबशीतून येतो आणि मला काचेच्या ग्लासातून. आमच्या आळीचं नाव पूर्वी महारवाडा होतं, मग हरिजनवाडा झालं, मग बौद्धवस्ती. तीनदा बारसं झालं, पण आळी गावाच्या त्याच कडेला आहे आणि ग्लासही तोच आहे.

बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त होता होता मी कराडजवळ मलकापुरात बंगला बांधला, तो या तिसऱ्या प्रश्नातून सुटका व्हावी म्हणून. मराठे, ब्राह्मण, लिंगायत, जैन अशी सगळ्या जातींची हाउसिंग सोसायटी. प्लॉट घ्यायला गेलो तेव्हा एकच शिल्लक आहे असं मला सांगण्यात आलं, अगदी शेवटचा, ओढ्याला लागून. माझ्यानंतर तिथं आठ-दहा प्लॉट विकले गेले. ते कुठून शिल्लक निघाले हे मी विचारलं नाही. ओढ्याच्या पलीकडे काय आहे हेही प्लॉट घेताना मी विचारलं नाही. पलीकडे मलकापूरची बौद्धवस्ती आहे. पोस्टमनपासून गॅसवाल्यापर्यंत सगळे माझं घर सांगतात ते असं, "वस्तीच्या अंगाचा शेवटचा बंगला." आयुष्यभराची पुंजी घालून मी गावापासून निघालो आणि पुन्हा वस्तीच्या अंगाला येऊन पोचलो.

आता इंटरनेटकडे येतो.

नव्याण्णव साली आमची मुलगी आम्रपाली पुण्यात एका कॉम्प्युटर कंपनीत होती. दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर एका रात्रीत शंभर वर्षं मागं जाणार होते म्हणे, आणि त्यांना अडवण्याचं काम तिची कंपनी करत होती. शंभर वर्षं मागं जायला आमच्या भागात कॉम्प्युटर लागत नाही, असं मी तिला म्हणालो. ती हसली नाही. तिच्या कंपनीनं मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर तिनं आमच्या हॉलमध्ये आणून बसवला, टेलिफोनची वायर त्याला जोडली, आणि कराडात नुकत्याच निघालेल्या एका कंपनीचा इंटरनेट घेतला. हेतू असा की आईबापांनी तिला पत्रं पाठवावीत आणि फोनचं बिल वाचावं.

वायर जोडल्यावर पेटीतून जो आवाज आला तो ऐकून बायडाबाई, म्हणजे आमचं कुटुंब, स्वयंपाकघरातून धावत आली. "आवं, आत कुनाचा जीव चाललाय?" आम्रपाली म्हणाली, आई, फोन लागतोय. बायडाबाई म्हणाली, असला फोन लागण्यापरीस न लागल्याला बरा.

कुठंतरी काही अडत होतं म्हणून आम्रपालीनं एक छोटी खिडकी उघडली. त्यात आकडा होता. २०३.०.११३.३७.

"हे काय गं?"

"हा आपला पत्ता, बाबा. इंटरनेटवरचा."

"नुसता आकडा?"

"नुसता आकडा."

"त्यात गाव येत नाही?"

"नाही."

"आळी?"

"नाही हो."

"जवळची खूण?"

"बाबा, माझी एसटी चुकेल," असं म्हणून ती पिशवी उचलून गेली.

मी त्या आकड्यापुढे बसून राहिलो. सांगायला लाज वाटते, पण माझे डोळे भरून आले. गाव नाही, आळी नाही, ओढा नाही, वस्ती नाही. जगातला कुठलाही माणूस, अगदी आमच्या तालुक्यातला सुद्धा, या आकड्याला 'आकड्यात कुठं?' असं विचारू शकत नव्हता. मी तो पाठ केला. अंघोळ करताना मी तो म्हणत होतो, असं बायडाबाईचं म्हणणं आहे.

शहाण्या माणसानं इथं थांबायला हवं होतं. मी कराडला गुंडाच्या दुकानात गेलो. गुंडा संगमरवराच्या पाट्या कोरतो. पुढाऱ्यांनी नारळ फोडून पुढं काहीच न झालेल्या कामांच्या कोनशिला बहुतेक त्याच्याच हातच्या. मी त्याला मजकूर दिला. नाव, खाली सेवानिवृत्त शाखाधिकारी, त्याखाली आकडा.

"सायेब, फोन नंबरात टिंबं कशाला?"

"फोन नंबर नाही. पत्ता आहे."

"आनि वरती श्री?"

"श्री नको."

"समद्यांच्या पाटीवर असतंय."

"असू दे. नको."

गुंडानं माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे पाहिलं, आणि त्याला जे कळायचं ते कळलं. माणूस चांगला. "वरचं मोकळं लय वंगाळ दिसंल," म्हणून त्यानं आपणहून एक बारीक कमळ कोरून दिलं. पाटी लागली त्या संध्याकाळी मी फाटकाबाहेर उभा राहून ती लांबून पाहिली, जवळून पाहिली, आणि रस्त्यानं जाणाऱ्या एका अनोळखी माणसाच्या नजरेनंही पाहिली.

दुसऱ्या दिवसापासून गल्ली फाटकाशी येऊ लागली. कुणी म्हणालं, लॉकरचा नंबर असा चारचौघांत लावू नये. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक कारकून रोज फिरायला जाताना आकड्यांची बेरीज करत आणि येताना ती अशुभ असल्याचं सांगत. एका बाईंनी बायडाबाईला विचारलं, तुमच्यात हे असतं का? म्हणजे आमच्या धर्मात. बायडाबाई म्हणाली, आमच्यात न्हाई, ह्यांच्यात हाय.

शेवटी लालासाहेब आले. लालासाहेब हे आमच्या सोसायटीचे चेअरमन. फौजेतले निवृत्त सुभेदार, गावी ऊस, आवाज ढोलासारखा. मनानं वाईट नाहीत, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन, कारण पुढचं ऐकताना तुम्ही ते विसराल. माझ्या दुखण्यात त्यांनी स्वतःच्या जीपमधून मला दवाखान्यात नेलं होतं. संक्रांतीला त्यांच्या घरून तिळगूळ न चुकता येतो. फाटकावरून येतो, पण येतो.

"ह्यो नंबर कसला म्हनायचा, सायेब?"

"माझा पत्ता."

"मिल्ट्रीत आमास्नी बी असला नंबर असायचा. पल्टन कुठं हाय ते कुनाला कळू ने म्हून."

"तेच. कुठं आहे ते कुणाला कळू नये म्हणून."

लालासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "आवं, पर आमास्नी म्हाईत हाय की," ते म्हणाले, आणि मोठ्यानं हसले. मीही हसलो. शाखाधिकाऱ्याच्या नोकरीत मला एवढी एक कला चांगली आली आहे.

या सुखाला नजर लागली ती माझ्याच उत्साहानं. बँकेतला एक जुना सहकारी घरी आला होता. त्याला पाटी दाखवली. मग अस्सल नक्कल पडताळून दाखवावी म्हणून कॉम्प्युटर लावला आणि आम्रपालीनं दाखवली होती तशी खिडकी उघडली. शेवटचा आकडा एकोणीस. मी चष्मा पुसला. एकोणीसच. बंद करून पुन्हा लावला. आठ. पुन्हा लावला. सव्वीस. सहकाऱ्याला गाडी होती, तो गेला. बायडाबाई दारात उभी होती. ती म्हणाली, "दगडावर कोरायच्या आदी पोरीला इचारायचं व्हतं."

मला वाटलं अतिक्रमण झालं. हसू नका. कराड तालुक्यात माणूस चार दिवस परगावी गेला तर बांध सरकतो. मी पाटी लावून निर्धास्त बसलो आणि कुणीतरी सदतीसवर येऊन राहिलं, हे मला अगदी सरळ दिसत होतं. मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि तक्रार करायला कराडला गेलो.

इंटरनेटचं ऑफिस खताच्या दुकानाच्या वर होतं. जिन्यात युरियाची पोती. वरती एअर कंडिशनर, आणि त्याच्या गारव्यात जयराज नावाचा तिशीचा तरणा मालक. साखर कारखान्याच्या एका संचालकाचा पुतण्या, पण अदबशीर.

"माझ्या पत्त्यावर दुसरं कुणीतरी राहतंय," मी म्हणालो.

जयराजनं मला पाणी दिलं. पाच मिनिटं माझं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सायेब, त्यो नंबर तुमचा नव्हताच. आमच्याकडं कराडात चाळीसेक लायनी हायत, तेवढंच नंबर हायत. कोन फोन लावतोय त्येला त्या टायमाला मोकळा असंल त्यो नंबर द्यायचा. त्यानं फोन ठेवला की त्यो नंबर सुटला. मंग दुसऱ्याला."

"दुसऱ्याला म्हणजे कुणाला?"

"जो फोन करील त्येला. पाण्याची पाळी असती का न्हाई, तसं. तुमची पाळी संपली की पाणी फुडच्या रानात."

"पण तसाच? माझा नंबर तसाच उचलून दुसऱ्याला?"

"मंग?"

"मध्ये धुवून वगैरे?"

जयराज माझ्याकडे बघतच राहिला. "आवं सायेब, नंबर हाय त्यो. धुवायचा कसा?"

आणि मला हसू फुटलं. इतकं, की खालच्या खताच्या दुकानातला माणूस वर येऊन डोकावून गेला. जयराजला कारण सांगितलं नाही, तुम्हाला सांगतो. माझी सांगलीला बदली झाली होती तेव्हा नाव-आडनावावर मला एक चांगली जागा भाड्यानं मिळाली. दोन खोल्या, स्वच्छ उजेड, घरमालक माळकरी. महिनाभरानं गावाहून भावाचं पत्र आलं. पाठवणाऱ्याचा पत्ता पाठीमागं, भावाच्या ठसठशीत अक्षरात, आळीसकट. पत्र मालकांच्या हातात पडलं. दोन दिवसांत त्यांच्या पुतण्याचं लग्न ठरलं आणि त्यांना खोल्या लागू लागल्या. सामान टेम्पोत भरून निघाल्यावर विसरलेला कंदील आणायला मी परत फिरलो, तर मालक आणि मालकीणबाई गोमूत्राची बादली घेऊन भिंती धुवत होते. छतापर्यंत. मी कंदील न घेताच आलो. आम्रपाली तेव्हा कडेवर होती. तो वास माझ्या नाकातून गेलेला नाही, आणि जाऊ नये असंच मला वाटतं.

आणि इथं एक मुलगा मला सांगत होता की जगात असे पत्ते आहेत जे एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जातात आणि मध्ये कुणी बादली आणत नाही.

पण माझी हाव सुटली नव्हती. "मला सदतीसच पाहिजे," मी म्हणालो. "कायमचा. कोरून झालाय."

"कायमचा नंबर कंपनीला मिळतोय, संस्थेला मिळतोय. घरगुती मानसाला कायमचा पत्ता नसतोय, सायेब."

घरी येऊन मी बायडाबाईला हे सांगितलं. मी घरगुती माणूस असल्यामुळे अडलंय म्हणालो. ती म्हणाली, "कुनी सांगितलं तुमी घरगुती हाय म्हून? कवा एक भांडं तरी उचाललंय?"

संस्था पाहिजे होती. सातारा-सांगलीत माणसाला एक वेळ पाणी मिळणार नाही, पण संस्था मिळते. आमची हाउसिंग सोसायटी रीतसर नोंदलेली संस्था होती. सोसायटीनं ठराव करून मागितले तर एक कायमचा नंबरच काय, नंबरांची अख्खी रांग मिळेल, असं जयराज म्हणाला होता. मी लालासाहेबांना गाठलं. ते एका पायावर तयार झाले. मिळतंय ते सोडायचं नाही हा फौजेचाही नियम आहे आणि कारखान्याचाही.

सभा गणपतीच्या देवळापुढच्या मंडपात भरली. पाण्याची मोटार जळाल्याचा विषय झाला, भटक्या कुत्र्यांचा झाला, मग नंबरांचा. घरटी एक कायमचा नंबर मिळणार म्हटल्यावर ज्यांच्या घरी कॉम्प्युटर सोडा, टेलिफोनही नव्हता, ते सगळ्यात पुढं सरसावले. एक नंबर गणपतीचा, हे एकमतानं ठरलं. दोन चेअरमनचा. मग सेक्रेटरी, मग देवळाकडची ओळ. आमच्या घराचा सदतीस हा कोरलेला असल्यामुळे तसाच ठेवावा, असं लालासाहेबांनीच सुचवलं. मी उठून सर्वांना नमस्कार केला. मला वाटलं जमलं.

तेवढ्यात पाटबंधारेवाल्यांनी विचारलं, "सदतीसच्या शेजारी कोन येतंय?"

मंडपातल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तसं काय न्हाई," ते म्हणाले, "इचारलं आपलं."

"छत्तीस आमाला नको," एकजण म्हणाला. "म्हंजी वास्तूचं हाय हो. छत्तीसचा आकडा वाईट."

"मंग अडतीस घ्या."

"अडतीस तर आमाला न्हाईच चालत."

अडतीस का चालत नाही याला त्याला वास्तूसुद्धा सापडली नाही. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, इतकं काटेकोर की जणू मी आलोच नव्हतो. मग सेक्रेटरींनी तोडगा काढला आणि तो तिथंच मंजूर झाला, मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे. सदतीस या आकड्याच्या दोन्ही बाजूंचे आकडे सार्वजनिक उपयोगासाठी मोकळे ठेवण्यात यावेत. आकाशात, तारांत, जिथं कुठं ते आकडे असतात तिथं, आमच्या सोसायटीनं माझ्या दोन्ही अंगांना ओढा खणला. लालासाहेब वर मला म्हणाले, "बघा सायेब, कार्नरचा प्लॉट मिळाला तुमास्नी. हवा खेळती ऱ्हाईल."

मला भयंकर राग आला. उठावं, पाटबंधारेवाल्यांच्या हातातली काठी घ्यावी आणि पहिल्या नंबरापासून सुरुवात करावी असं वाटलं. मी उठलो नाही, कारण मला तो पत्ता हवा होता. ज्याला काही हवं असतं त्याच्या रागाला काही किंमत नसते, हे बँकेत कर्ज मागायला आलेल्या माणसांकडे बघून मी शिकलो होतो. मी ठरावावर सही केली.

अर्ज जाण्याआधी प्रकार काय आहे तो डोळ्यांनी बघावा, असं चेअरमनना वाटलं, आणि त्यांनी सरळ नवा कोरा कॉम्प्युटर विकत घेतला. टेबल, फिरती खुर्ची, सगळं नवीन. जयराजला जोडणीला बोलावलं. गल्लीतली सगळी कर्ती माणसं जमली. कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं होतं, पडद्यावर स्वस्तिक काढलं होतं, बाजूला फोडलेला नारळ आणि पेढे. मला दाराजवळची लोखंडी खुर्ची मिळाली.

लालासाहेब फिरत्या खुर्चीत बसले. पेटी किंचाळली. जयराजनं ती खिडकी उघडली आणि म्हणाला, "ह्यो बघा, आत्ताच्या घडीला तुमचा नंबर."

लालासाहेबांनी चष्मा चढवून ढोलाच्या आवाजात वाचलं. "दोनशे तीन. शून्य. एकशे तेरा." मग आवाज उतरला. "सदतीस."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी लोखंडी खुर्चीत, हात मांडीवर, काहीही न करता बसलो होतो. तरी मला वाटलं आपण चपलांसकट त्यांच्या देवघरात शिरलोय.

"योगायोग!" जयराज खुश होऊन म्हणाला. "सायबांचा नंबर चेअरमन सायबांस्नी आला!"

लालासाहेबांनी माउसवरचा हात उचलला. झटकला नाही, उचलला. "काढ त्यो," ते म्हणाले.

जयराजनं फोन ठेवला, पुन्हा लावला. अकरा आला. घरात वारा सुटल्यासारखं झालं. लोक बोलू लागले, कुणी शुभ आकडा म्हणालं, पेढ्याचं ताट निघालं. पण लालासाहेब काही मूर्ख नव्हेत. ते अकराकडे टक लावून बघत होते.

"जयराज, ह्या अकरावर आत्ता आदी कोन व्हतं?"

"काय की. असंल कुनीतरी. मेढ्याचा असंल, पाटणचा असंल."

"कसला मानूस, ते कळत न्हाई?"

"मशिनला कुठलं कळतंय?"

"आनि त्येच्या आदी?"

"त्येच्या आदी आनि कोनतरी."

"आनि ठराव करून कायमचा घेतला तर नवा कोरा मिळंल न्हवं?"

"नवा कसा असंल, चेअरमन सायेब? कुनीतरी सोडलेलाच असायचा की."

लालासाहेबांनी टाळी वाजवली, सभा बरखास्त करताना वाजवतात तशी. "मंग र्‍हाऊ द्या. ठराव रद्द. ज्याच्या आगापिछ्याचा पत्ता न्हाई असला पत्ता आपल्यात चालायचा न्हाई." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझा सदतीस, त्याच्या बाजूचे दोन्ही ओढे, गणपतीचा एक नंबर, सगळं त्या टाळीबरोबर गेलं. मग लालासाहेब माझ्याकडे आले. खरोखर मायेनं आले. पेढा वरूनच माझ्या तळहातावर सोडला आणि म्हणाले, "तुमचं बरं हाय सायेब. तुमास्नी कुठलाबी चालतोय."

मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी गिळल्या आहेत. हा पेढा गिळता येईना. मी उठलो. तो पेढा ताटात परत ठेवला, त्या फिरत्या खुर्चीत जाऊन बसलो, आणि माउसवर हात ठेवला.

"चालत नाही, लालासाहेब. दिला तो घेत आलो," मी म्हणालो. "आता अकरावर मी आहे. मी उठल्यावर तुम्ही बसणार का?"

जयराज एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होता, आणि मला वाटतं धुण्याचा प्रश्न त्याला तेव्हा कुठं कळला. लालासाहेबांचा चेहरा पडला. मग ते हसले. "आवं, बसा की, सायेब. तुमचंच घर हाय!" मी बसून राहिलो. खुर्ची मऊ होती. पेढ्यांचं ताट आत गेलं, माणसं एकेक करून कामं आठवून निघाली, आणि शेवटी लालासाहेब आणि मी दोघेच उरलो. ते उभे, मी बसलेला. पुष्कळ वेळानं मी उठलो. ते बसले नाहीत.

चार दिवसांनी आमच्या फाटकाशी त्यांची जीप थांबली. ड्रायव्हरनं एक खोकं उतरवून फाटकाच्या बाहेरच ठेवलं. चेअरमन सायबांनी सांगितलंय, म्हणाला, आमच्यात कोण वापरणार, तुमच्या आम्रपालीला उपयोगी पडेल. उघडून पाहिलं तर नवा कोरा कॉम्प्युटर. पडद्यावर स्वस्तिक तसंच होतं.

अख्ख्या मलकापुरात घरी दोन-दोन कॉम्प्युटर असलेला मी एकटा. गल्लीत लालासाहेबांच्या उदारपणाची चर्चा झाली, पाटबंधारेवाले मला म्हणाले, असा चेअरमन मिळायला भाग्य लागतं. मी हो म्हणालो. बायडाबाईनं खोक्याभोवती एक फेरी मारली, मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मशीन धाडलं. तुमी खुर्चीत बी बसलाव न्हवं?"

संध्याकाळी खुर्चीही आली.